सतरा मिलिमीटर

भोसरीच्या गोडाऊनमधून रोल भरताना
टेम्पोवाला लतीफ रोज एकच विचारतो,
"टायरचं मढं कुठं न्यायचं आज?"
आज अवसरीला. इंदोऱ्यांच्या गोठ्यात.
अकरा गायी, बारावी गाभण,
आणि कोबा असा घोटलेला
की मांजरही भिंतीच्या कडेनं जातं.

हौसाबाई इंदोरे मापाआधी गाय दाखवतात.
कानात पिवळा बिल्ला, चारशे सतरा.
"ही बसतच नाही वो.
रातच्याला तीनला उठून बघितलं, उभीच.
गुडघ्यांची सालटं निघाली, दूध दीड लिटरनं उतरलं.
डॉक्टर म्हणला, हिला रोग नाही,
हिला बसाया जागा नाही."

मी पट्टी लावतो, चाकू ओला करतो.
कोरड्या चाकूला रबर जुमानत नाही.
सहा बाय चार, जाडी सतरा मिलिमीटर,
खालून खाचा, मूत वाहून जायला,
नाल्याकडे बोटभर उतार.
बोलायचं ते पाठ आहे मला:
खूर घसरत नाही, गारठा वर चढत नाही,
पाइप मारला की झालं, भुसा कमी लागतो.
हौसाबाई ऐकत नाहीत. खुरांकडे बघतात.

चारशे सतरानं आधी वास घेतला.
फुरफुरली.
एक पाय ठेवला, उचलला.
मग दुसरा.
आम्ही चहा प्यायलो. लतीफ बिडीला गेला.
परत आलो तर पुढचे गुडघे मुडपून,
घरातल्या थोरल्या माणसासारखा सुस्कारा टाकून
ती खाली गेली होती
आणि रवंथ करत होती, आमच्याकडे न बघता.
हौसाबाईंनी पैसे दोनदा मोजले,
नोटांचा आवाज न करता.

दुपारी कर्वेनगर. दुसरा मजला, लिफ्ट बंद.
खरवंडीकर सर न्हाणीघरात दोनदा पडले,
खुब्यात आता स्टीलचा गोळा.
"काय हो, गोठ्यात घालता तेच का हे?"
तेच, सर. फक्त तुमचं सहा मिलिमीटर.
"म्हणजे गायीला माझ्यापेक्षा जास्त!"
तिचं वजन साडेपाचशे किलो, मी म्हणालो.
"शिवाय दूधही देते," म्हणत ते हसले
आणि हसताना भिंत धरायची विसरले.
सून दारात उभी होती, हात पुढे करून.
तो हात मग तिनं उगाच केसांवरून फिरवला.

गोठ्यातला उरलेला तुकडा, दोन बाय साडेतीन फूट,
बिलात नव्हता.
लतीफ म्हणाला, भंगारात दे.
मी घरी नेला, दापोडीला.

वैजू पहाटे चारला ओट्याशी उभी राहते.
दीडशे पोळ्या, मेसच्या. मग डबे.
फरशी शहाबादी, थंडीत नुसता बर्फ.
रात्री टाचा कोमट पाण्यात सोडून बसते
आणि मी शेजारी
उद्याच्या गोठ्याचं माप वहीत उतरवतो.
अकरा वर्षांच्या वह्या आहेत माळ्यावर.
कुठल्या गावात किती दावणी, सगळं सापडेल.
आमच्या ओट्याचं माप
कुठल्याच पानावर नाही.

"ई, काय हा वास!"
जाईल आठवड्यात, मी म्हणालो.
तिनं एक पाय ठेवला, उचलला.
मग दुसरा.
मी कॅलेंडरकडे बघत राहिलो.
सकाळचं काही बोललो नाही.
कुठल्या बाईला सांगायचं असतं
की तू अगदी अमक्यासारखी उभी राहिलीस?

पहाटे जाग आली तेव्हा
लाटण्याचा आवाज चालू होता.
पडल्या पडल्या मोजलं.
चाळीस पोळ्यांत तिनं एकदाही
या पायावरचा भार त्या पायावर घेतला नाही.
एरवी कितव्या पोळीला घेते,
मला माहीत नव्हतं.

वास काही आठवड्यात गेला नाही.
त्यावरून अजून बोलणी खातो.
एकदाच तिनं विचारलं, कणीक मळता मळता,
"गायींचं आहे ना हे?"
हो.
"मग चांगलंच असणार," म्हणाली,
आणि परातीत आणखी मूठभर पीठ टाकलं.